फणसाड आणि जंजिरा: आई, मुलगा आणि हातात दोन दिवस

पायवाट

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मुरूडला जायचं ठरतंय. पुण्याहून गाडीनं, हातात पुरते दोन दिवस. बरोबर आई आहे, वय ७१, गुडघे कुरकुरतात पण चालायची हौस माझ्याहून जास्त. आणि मुलगा, अकरा वर्षांचा. दुर्बीण मिळाल्यापासून तो माणसांशी फारसं बोलत नाही.

बेत असा होता की पहिल्या दिवशी सकाळी जंजिरा, दुपारी फणसाड अभयारण्य, दुसऱ्या दिवशी काशीदचा समुद्र आणि परत. पण ऑफिसातला एक जण म्हणाला, फणसाडमध्ये काही दिसत नाही, नुसती झाडं आहेत, त्यापेक्षा दोन्ही दिवस किनाऱ्यावर काढ. दुसरा म्हणाला, तिथं बिबट्या आहे, म्हातारं माणूस आणि पोर घेऊन कशाला जातोस. दोघांपैकी एकही जण तिथं गेलेला नाही, हे नंतर कळलं.

तर प्रश्न असे. दुपारचं जंगल चालेल का? आईला झेपेल अशी वाट आहे का? मुलाला काय दिसेल? आणि आईचा स्वतःचा एक प्रश्न आहे: सिद्दीच्या, म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाच्या मुलखात, समुद्राच्या इतक्या जवळ, एवढं जंगल शिल्लक राहिलं कसं? याचं धड उत्तर मला कुठं मिळालं नाही.

---

रानवेडा

दुपारी अजिबात नको. अकरानंतर जंगल झोपतं. उजाडताना आत असायला हवं.

बिबट्या आहे, पण तो तुम्हाला बघेल, तुम्ही त्याला नाही. शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, मात्र बहुतेक दिसेलच. कपडे मातकट रंगाचे, अत्तर-स्प्रे काही नको, आणि वनखात्याकडून स्थानिक वाटाड्या घ्या. बाकीचं माडाखालची ताई सांगतील, त्या मुरूडच्याच आहेत.

---

माडाखालची

आलेच. जन्म मुरूडचा, सगळी नोकरी तालुक्यातल्या शाळांत झाली, त्यामुळं फणसाडबद्दल कोणी "नुसती झाडं आहेत" म्हटलं की हात शिवशिवतात.

आधी बेत उलटा करा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचलात तर जंजिरा किंवा नुसता किनारा करा आणि मुक्काम सुपेगावच्या बाजूला ठेवा. तिथं वनखात्याची राहायची सोय आहे, आधी चौकशी करून नोंदवा. दुसऱ्या दिवशी उजाडताना जंगलात. जानेवारीत आमच्याकडे सातच्या सुमारास दिसायला लागतं. त्या वेळेपासून नऊ-साडेनऊपर्यंतचं फणसाड वेगळं आणि दुपारचं वेगळं. दुपारी तुमच्या ऑफिसातल्या मित्राचं म्हणणं खरं ठरेल.

येताना अलिबाग-रेवदंड्याकडून समुद्राच्या कडेनं या. साळावच्या पुलावर कुंडलिकेची खाडी ओलांडलीत की उजवीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो, पोर्तुगीजांचा. किल्ल्याखालच्या गावात अजून पोर्तुगीजमधून आलेली बोली घराघरांत बोलतात. आईंना इतिहास आवडतो ना, तिथं पाच मिनिटं गाडी थांबवा. किल्ला चढायला लावू नका, गुडघे दुसऱ्या दिवसासाठी राखा.

आता चालण्याबद्दल. फणसाडमध्ये पाणवठ्यांना गाण म्हणतात. फणसाड गाण, चिखल गाण, धरणाची गाण अशी नावं ऐकाल. लोक आठ-दहा किलोमीटर तुडवून सगळ्या गाणी "करून" येतात आणि मग म्हणतात, काही दिसलं नाही. तुम्ही असं करू नका. वाटाड्याला आधीच सांगा, बरोबर वय झालेलं माणूस आहे, कमी चढाच्या वाटेनं एकाच गाणीपाशी ने. तिथं जाऊन बसा. पाण्यापासून लांब, झाडाला पाठ लावून, तास-दीड तास. फणसाडमध्ये बसणाऱ्याला जे मिळतं ते चालणाऱ्याला मिळत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी कोणाशीही भांडायला तयार आहे. तुमच्या आई तुमच्या तिघांत सगळ्यात जास्त बघतील, बघाच.

मुलासाठी पहिलं काम शेकरू. आपला राज्यप्राणी. शोधायचा कसा, तर आधी वर बघायचं नाही, खाली बघायचं. वाटेवर फळांची ताजी, ओलसर सालं आणि कुरतडलेले तुकडे पडलेले दिसले की तिथंच थांबायचं. मग वरून खुळखुळा हलवल्यासारखा कडकडाट येतो, तो त्याचा आवाज. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट, पाठ तांबूस-करडी, पोट दुधी. खाताना मागच्या दोन पायांनी फांदी धरून खाली डोकं करून लोंबतो आणि पुढच्या दोन हातांत फळ धरून फिरवत फिरवत सोलतो. शेपटी फांदीच्या दुसऱ्या बाजूला सोडलेली असते, तोल तिच्यावर. एकदा मी बघत असताना त्यानं अर्धवट सोललेलं फळ सोडलं, ते माझ्या खांद्यावर आदळलं, आणि हा वरून माझ्याकडेच रागानं बघतोय. घरटी उंच झाडाच्या अगदी बारीक फांद्यांवर, काड्या आणि पानांचे गोळे. एका शेकरूची अशी बरीच असतात, त्यातलं वापरात एखादंच.

शेकरू जमिनीवर उतरायला नाखूश असतो, त्याचा सगळा रस्ता फांदीवरून फांदीवर. म्हणून ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं तेव्हा माणसांच्या वाड्या झोपल्या तशी त्याच्या रस्त्याचीही वाट लागली. मोठमोठी झाडं मुळासकट उपटून पडली, वरच्या छपराला भोकं पडली. तुम्हाला वाटेत मध्येच लख्ख उजेडाचे तुकडे दिसतील, खाली आडवा कुजणारा बुंधा आणि त्याभोवती वेलींचा गोंधळ. बाहेरच्या माणसाला ती जागा सुंदर वाटते. फुलपाखरांना तर ती आवडतेच, ब्लू मॉर्मन बघायची असेल तर अशाच उन्हाच्या तुकड्यात थांबा.

दुसरी वस्तू, जी कोणी दाखवत नाही पण दाखवायला हवी: गारंबी. वेल म्हणायला जीभ अडखळते, खोड माणसाच्या मांडीएवढं, पिळा मारून एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. मूळ कुठं आणि शेंडा कुठं ते शोधायला मुलाला सोडा, अर्धा तास गुंतेल. तिची शेंग हात-दीड हात लांब, कधी त्याहून मोठी, चपटी, आणि प्रत्येक बीसाठी वेगळा कप्पा. बी तपकिरी, गुळगुळीत, मुठीत मावेल एवढी. ती पाण्यावर तरंगते. पावसात ओढ्यातून वाहत खाडीला, खाडीतून समुद्राला. आम्ही लहानपणी मुरूडच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाखाली भरतीच्या रेषेत त्या बिया वेचायचो आणि फरशीवर घासून गरम करून एकमेकांच्या हाताला चटके द्यायचो. त्या डोंगरातून आल्यात हे आजोबांनी सांगितलं. जंगलातली बी उचलू नका, अभयारण्य आहे. किनाऱ्यावर वाहून आलेली मिळाली तर मुलाचं नशीब.

एक सावधगिरी. जानेवारी-फेब्रुवारीत खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. सोनेरी केसाळ, मखमली, कोणालाही हात लावावासा वाटतो. लावायचा नाही. त्या वेलीखाली उभंही राहायचं नाही, वारा आला तरी कूस अंगावर येते. पूर्ण बाह्यांचे कपडे त्यासाठीच घाला.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर रात्री लिहिते, ते दोन ओळींत होणार नाही.

---

माडाखालची

हं, आता इतिहास.

हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान होतं. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, म्हणून जुन्या कागदांत हबशी. जंजिरा संस्थान १९४८ला मुंबई राज्यात विलीन झालं, तोपर्यंत इथल्या रानाचा मालक नवाब. पुढं १९८६मध्ये अभयारण्य झालं. मधल्या काळात कोळसा आणि लाकूडतोड यांनी आजूबाजूच्या टेकड्या बोडक्या झाल्या, हा भाग मात्र बऱ्यापैकी टिकला, कारण त्याला आधीपासून राखणदार होते.

माझे आजोबा तरुणपणी हाक्याला जायचे. हाका म्हणजे काय ते मुलाला समजावून सांगा: शंभरएक माणसं डोंगराच्या वरच्या अंगाला रांगेत उभी करायची, प्रत्येकाच्या हातात डबा, थाळी, ढोल, नाहीतर नुसती काठी. इशारा झाला की सगळ्यांनी आरडाओरडा करत उतरायचं. जनावर खाली पळतं, खाली पाणवठ्याच्या वाटेवर मचाणावर बंदुका. आजोबा सांगायचे, दोन हाकाऱ्यांमधलं अंतर वाढलं की जनावर त्याच फटीतून उलटं निसटतं, आणि मग शिकारखान्याचा माणूस त्या दोघांना शोधून काढतो. सांबर उलटं आलं की आजोबा बाजूला व्हायचे. "ओरडायची मजुरी मिळते, आडवं पडायची नाही," हे त्यांचं वाक्य घरात अजून चालतं, विशेषतः कोणी फुकटचं काम सांगितलं की.

शिवाय पाण्याचं कारण होतंच. मुरूडला पाणी डोंगरातून येतं. गारंबी नावाच्या ठिकाणचं जुनं धरण नवाबाच्या काळातलं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचं नाव दिलेलं. गावाची तहान डोंगरावर अवलंबून असली की डोंगरावरची कुऱ्हाड आपोआप जरा जपून चालते.

म्हणून सांगते, जंगल आणि जंजिरा ही दोन वेगळी ठिकाणं समजून बघू नका. किल्ल्याच्या दरवाजापाशी एक शिल्प आहे, एक हिंस्र पशू, पंज्यांत हत्ती पकडलेले, शेपटीतही एक गुंडाळलेला. सिद्दीचा सगळा रुबाब त्या एका दगडात आहे. आणि त्या रुबाबाचा दुसरा भाग म्हणजे हे रान.

---

पोटतिडीक

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच जण गेलो होतो. चार तास चाललो. दिसलं काय, तर वानरं, एक सरडा, आणि आमच्या पुढं चालणारा एक मोठा ग्रुप, ज्याच्या खिशातल्या स्पीकरवर गाणी चालू होती. वाटाड्यानं दोनदा सांगितलं, ते हसले. एका गाणीपाशी पोचलो तर ते आधीच पाण्यात उतरलेले. एवढ्या लांब गाडी चालवून हे? माझ्या मते मुलाला पक्षीच दाखवायचे असतील तर खाडीकाठ बरा.

---

रानवेडा

स्पीकरवाल्यांची तक्रार तिथल्या तिथं वनरक्षकाकडे करायची. अभयारण्यात असा गोंगाट करायला कायद्यानं मनाई आहे. आपण गप्प बसतो म्हणून त्यांचं फावतं.

---

माडाखालची

पोटतिडीक, राग कशाला, तुमचं बरोबरच आहे. त्या दिवशी मी असते तर त्या ग्रुपमधल्या एकाला तरी माझा विद्यार्थी असल्यासारख्या उठाबशा काढायला लावल्या असत्या.

पण "वानरं दिसली" हे तुम्ही असं लिहिलंत, जणू काही नाहीच. वानर म्हणजे जंगलातला चौकीदार. उंचावर बसलेला असतो, लांबचं दिसतं. बिबट्या दिसला की खोकल्यासारखा, घशातून तोडलेला "खॅक्" आवाज काढतो आणि थांबत नाही. भेकर असलं तर ते कुत्र्यासारखं भुंकतं. दोघं एकाच दिशेनं ओरडायला लागले की समजायचं, तिथं खाली कोणीतरी चालतंय. आवाज पुढं पुढं सरकतो, तशी तुम्हाला न दिसणाऱ्या जनावराची वाट कळत जाते. आमच्या भावाला बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेत मचाणावर बसायला मिळालं होतं. रात्रभर बिबट्या त्याला दिसला नाही, पण वानरांच्या ओरडण्यावरून तो गाणीच्या कुठल्या बाजूनं आला, कुठं थांबला आणि कुठून गेला हे त्यानं वहीत लिहून आणलं. आजोबा ज्या रानात डबे वाजवायचे तिथं नातू तोंडाला कुलूप लावून बसला, याची घरात खूप थट्टा झाली.

तर मुलाला सांगा, दुर्बीण गळ्यात असू दे, पण पहिली दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि आवाज मोजायचे. भृंगराज भेटला तर गंमत होईल. काळा कुळकुळीत, शेपटीच्या दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पिसाचे चमचे. तो इतर पक्ष्यांच्या नकला करतो, त्यामुळं मुलाच्या यादीत दोन-तीन पक्षी फुकटचे वाढतील. शामा झुडपात बसून गातो, दिसायला अवघड, ऐकायला सोपा. उंबराला फळं असली तर हरियाल आणि धनेश. हरियाल पानांच्याच रंगाचे, झाड रिकामं वाटतं, आणि टाळी वाजवली की सगळं झाडच उडाल्यासारखं होतं. टाळी वाजवायची नाही, अर्थात.

---

बखरवाला

ताई, तुमचं लिखाण नेहमीप्रमाणं छान, पण नवाबाला जरा जास्तच श्रेय दिलंत असं वाटतं. शिकारीसाठी रान राखणं म्हणजे काही निसर्गप्रेम नव्हे. ज्या रानात नवाबानं गोळ्या झाडायच्या, त्याच रानात कातकऱ्यानं ससा मारला किंवा मोळी आणली तर गुन्हा. रान "राखलं" गेलं त्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवं. आणि संस्थानाला जंगलातून लाकडाचं उत्पन्नही होतं, सगळंच काही शिकारीसाठी राखलेलं नव्हतं.

दुसरं, मुरूडला जाणारा प्रत्येक जण जंजिरा बघतो आणि पद्मदुर्गाकडे किनाऱ्यावरून बोट दाखवून परत येतो. पायवाट, तुमच्या आईंना पद्मदुर्गाची गोष्ट नक्की सांगा. जंजिरा हाती येत नाही म्हणून शिवाजी महाराजांनी त्याच्या समोर समुद्रातच कासा बेटावर किल्ला बांधला. १६७५च्या जानेवारीत प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला महाराजांनी लिहिलेलं पत्र आहे, पद्मदुर्गाला रसद वेळेवर पोचवली नाही म्हणून. त्यात "राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी" केली असा शब्द आहे, राजपुरी म्हणजे सिद्दीचं ठाणं. इतकं कडक पत्र की वाचताना आज आपलीच मान खाली जाते. पुढं १६८२मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत भर घालून जंजिऱ्यापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला. मोगली फौज कोकणात उतरल्यानं तो सोडावा लागला.

---

माडाखालची

बखरवाले, श्रेय देत नाहीये हो, कारण सांगतेय. आमच्या आजोबांनाच रानातली वाळकी फांदी उचलायची चोरी होती, हाक्याला मात्र बोलावणं यायचं. नकार द्यायची सोय नव्हती. शिकार हवी तर रान हवं, एवढाच नवाबाचा हिशेब. आणि कातकऱ्यांचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आजही जनावराच्या पायाचा माग, मधाचं पोळं, कुठली वेल कुठल्या महिन्यात फुलते हे सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत. पायवाट, वाटाड्या कातकरीवाडीतला मिळाला तर त्याच्याशी बोला, नुसतं त्याच्या मागं चालू नका. पिसोरी विचारा त्याला. सशाएवढं हरीण, अंगावर पांढरे ठिपके-पट्टे, रात्री फिरतं. इथं आहे, पण तुम्हाला दिसणार नाही. तो सांगेल ते ऐकण्यातच मजा आहे.

पद्मदुर्गाबद्दल एक गोष्ट माझीही. होडी मिळाली आणि समुद्र शांत असला तर जरूर जा, पण नीट चौकशी करून, कारण तिकडे जंजिऱ्यासारखी होड्यांची नेहमीची ये-जा नाही. गेलात तर तटाला नाक लावून बघा. लाटांनी दगड आत खोलवर झिजलेत, आणि दोन दगडांमधला चुना मात्र जसाच्या तसा बाहेर आलेला, जाळीसारखा. दगड हरला आणि चुना जिंकला. मी मुलांची सहल नेली होती तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी त्यावर तासभर घेतला, इतिहासाचा तास गेला तो गेलाच.

आणि लाय पाटलांची गोष्ट. मोरोपंत पिंगळ्यांच्या जंजिऱ्याच्या मोहिमेत या कोळी सरदारानं रात्रीच्या अंधारात किल्ल्याच्या तटाला शिड्या लावल्या. मागून यायची ती फौज वेळेत आली नाही, पहाट व्हायला लागली, शिड्या काढून परत यावं लागलं. महाराजांनी पालखीचा मान देऊ केला तर हे म्हणाले, आम्ही दर्यातली माणसं, पालखीचं काय करू. मग त्यांच्यासाठी गलबत बांधवलं आणि त्याचं नावच "पालखी" ठेवलं. आमच्याकडे ही गोष्ट कोळीवाड्यात वेगळ्या तोऱ्यात सांगतात. तुमच्या आईंना राजापुरीच्या धक्क्यावर होडीची वाट बघताना एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारू दे. तो सांगेल ती खरी.

---

पायवाट

ताई, बखरवाले, सगळ्यांचे आभार. आईला सगळा धागा वाचून दाखवला. तिनं बेत उलटा करायला लगेच होकार दिला, आणि हाक्याच्या भागावर तिचं म्हणणं: "आजोबा हुशार होते."

दोन शंका राहिल्या. एक, जंजिऱ्याच्या होडीतून आईला उतरता येईल का? दोन, मुलानं कुठंतरी वाचलंय की फणसाडमध्ये गिधाडं आहेत. खरं का? त्याला गिधाडाचं पिल्लू बघायचंय.

---

रानवेडा

गिधाडं आहेत. पांढऱ्या पुठ्ठ्याची. आपल्या देशात ही जात नव्वदच्या दशकापासून पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त संपली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली. रायगड जिल्ह्यात थोडी उरली, म्हसळ्याकडे चिरगावला आणि इकडे फणसाडला. वनखातं त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठरावीक जागी ठेवतं.

---

माडाखालची

पिल्लाचं मुलाला समजावून सांगा. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. घरटं उंच झाडावर, आणि हिवाळा हा नेमका त्यांच्या अंड्या-पिल्लांचा काळ. जवळ माणसं घुटमळली, मोठे पक्षी उडाले, तर पिल्लू उघड्यावर पडतं. म्हणून "घरट्यापाशी ने" असं वाटाड्याला म्हणायचं नाही, आणि कोणी पैसे घेऊन न्यायला तयार झाला तर त्याच्याबरोबर जायचंच नाही. आकाशात बघायचं. ऊन तापलं की साडेनऊ-दहाच्या पुढं ती वर येतात, पंख न हलवता गोल गोल. खालून पंखाची पुढची कड पांढरट आणि मागची काळी दिसली की तेच. घारीशी गल्लत करायची नाही, गिधाडाचे पंख फळीसारखे रुंद असतात आणि शेपूट आखूड. जंगलातून बाहेर पडल्यावर एखाद्या उघड्या माळावर अर्धा तास थांबायचं त्यासाठीच. नाहीच दिसली तर सर्पगरुड तरी नक्की ओरडत फिरत असेल.

किनाऱ्यावर गेल्यावरही दुर्बीण गाडीत ठेवू नका. सुरूच्या उंच झाडांकडे बघत चला, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड आमच्या किनाऱ्याला आहे. बसलेला असला की लांबून वाटतं कोणी शेंड्यावर पांढरं फडकं अडकवलंय.

आता होडी. राजापुरीहून शिडाच्या होड्या जातात. किल्ल्याच्या दरवाजापाशी होडी लाटांवर वरखाली होत असते आणि पायरीवर पाऊल नेमकं वेळ साधून टाकावं लागतं. हात द्यायला माणसं असतात, आणि ती दांडगी असतात, घाबरू नका. पण गुडघे कुरकुरत असतील तर धक्क्यावर आधी विचारा, आज दर्या कसा आहे. वारा दुपारनंतर वाढतो, म्हणून पहिल्या दिवशी जितक्या लवकर पोचाल तितकं बरं. भरतीच्या वेळा निघायच्या आधी बघून ठेवा. आणि नावाडी म्हणाला, आज नको आजी, तर ऐकायचं. अशा वेळी धक्क्यावर बसूनही किल्ला अख्खा दिसतो. तुम्ही आणि मुलगा जाऊन या, त्यांना लाय पाटलांची गोष्ट विचारायला तेवढाच मोकळा वेळ मिळेल.

मुलाला कलालबांगडी तोफ बघायची असेलच, ती आत आहे. तिच्यावर चढून फोटो काढू देऊ नका. आणि आतलं गोड्या पाण्याचं तळं बघायला विसरू नका, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये ते. सगळे तोफेपाशीच गर्दी करतात, तळ्यापाशी कोणी नसतं, तिथं पाकोळ्या पाण्यावरून फिरत असतात.

कुठल्या तारखेला येताय ते कळवा. मी गावातच आहे. सुपेगावात चौकशी करून वाटाड्याचं बघते, म्हणजे आईंसाठी कमी चढाची वाट ठरवता येईल.